गुरुवारी अकरा वाजता

ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी मी त्यांच्या दारात पोचले, ही माझी पहिली चूक. बाहेर बारीक पाऊस. घराला रस्त्याकडून भलीमोठी काच, तिला पडदा नाही, आणि काचेपलीकडे खुर्चीत बसून हा सत्तरीतला गृहस्थ शांतपणे कॉफी पितोय. मी बेल वाजवली. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, हात हलवला, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि परत कॉफी प्यायला लागले. मी पर्स डोक्यावर धरून उभी. दुसऱ्या हातात त्यांच्या सख्ख्या बहिणीने दिलेला कडबोळ्यांचा डबा, पुण्याहून आर्नहेमपर्यंत मांडीवर सांभाळत आणलेला. दोन वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं.

"वेळेवर आलीस," ते म्हणाले.

"मी वीस मिनिटं उभी आहे."

"हो, पाहिलं ना. पण आपली भेट दोन-दहाची होती."

मी थक्कच झाले. माझा स्वभाव मुळात तापट. पुण्यात कुणी असं केलं असतं तर डबा पायरीवर आपटून चालती झाले असते, आणि वर चार बिल्डिंगांना ऐकवलं असतं. पण काकूंना शब्द दिला होता, म्हणून बूट काढले आणि ओल्या मोज्यांनी आत गेले.

काकू म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ऑफिसच्या कामासाठी मी चार दिवस नेदरलँड्सला जाणार हे त्यांना माझ्याआधी वॉचमनकडून कळलं. त्यांचा धाकटा भाऊ चाळीस वर्षांपासून तिथे, आणि तोही नेमका मी जाणार त्याच आर्नहेममध्ये. विजेच्या कंपनीत इंजिनियर होता, निवृत्त झाला, लग्न केलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करतो, दहा मिनिटं बोलतो, ठेवतो. नऊ वर्षांत पुण्याला फिरकलेला नाही. "डबा दे, आणि एवढंच सांग," काकू म्हणाल्या, "की एकदा येऊन जा म्हणावं. मला काही आणायला नको. नुसता डोळ्यांना दिसू दे." हे सांगताना त्या डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावत होत्या, आणि ती चौथ्यांदा लावत होत्या.

या भावाला मी काय म्हणायचं हाही प्रश्नच होता. काकूंचा भाऊ म्हणजे मामा, म्हणून पहिल्या ईमेलात 'प्रिय मामा' लिहिलं. उत्तर आलं, अस्सल मराठीत: 'मामा लिहिण्याची आवश्यकता नाही. येथे साठ वर्षांच्या साहेबासही नावाने हाक मारतात. रविवार, दुपारी २.१० ते ३.४०.' मी पुढच्या ईमेलात परत 'प्रिय मामा' लिहिलं. त्यावर त्यांनी काही लिहिलं नाही, म्हणजे ठरलंच.

मामांचं घर टापटीप होतं, जरा जास्तच. मला एक कप कॉफी मिळाली आणि डब्यातून एक बिस्किट. एक म्हणजे एक. डब्याचं झाकण माझ्या डोळ्यांदेखत टप्पकन लागलं आणि डबा कपाटात गेला. मी सकाळपासून विमानातल्या पावावर होते. मग त्यांनी काकूंचा डबा उघडला, नाक जवळ नेलं, एक कडबोळं मोडून अर्धा तुकडा तोंडात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "अजून तिखट जास्तच घालते," म्हणाले. दुसरं घेतलं नाही. मला वाटलं, बघा, स्वतःलाही एकच.

संडासात गेले तर समोर भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर लोकांचे वाढदिवस. इथल्या बऱ्याच घरांत तसं असतं म्हणे. बसल्या बसल्या कुणाचा वाढदिवस जवळ आलाय ते दिसतं. त्यात काकूंचाही होता, मराठीत, 'ताई'. सख्ख्या बहिणीचं नाव संडासात लावलेलं बघून मला कसंतरीच झालं. बाहेर येऊन तसं म्हटलंही. ते म्हणाले, "रोज सकाळी निवांतपणे आठवण होते. तुझ्या फोनमधल्या नोटिफिकेशनपेक्षा बरं."

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. घड्याळ, दिवा, पुस्तकांचं कपाट, दोन खुर्च्या, सगळ्यांवर छोटे गोल स्टिकर. लाल, पिवळे, निळे. मी विचारलं, "हे काय?"

"आवरतोय."

"घर बदलताय का?"

"नाही. आवरतोय. तुला काही आवडलं तर सांग, हिरवा रंग शिल्लक आहे."

मी हसले. म्हटलं, मला बॅगेत तेवीस किलोच चालतात. हल्ली म्हातारी माणसं घर रिकामं करण्याचे व्हिडिओ बघून नादाला लागतात, माझ्या सासूबाईही लागल्या होत्या. त्यातलंच काहीतरी असेल.

निरोप मात्र मी रविवारीच दिला. काकूंचेच शब्द वापरले. मामांनी टेबलावरची जाडजूड डायरी उघडली, पेन काढलं आणि विचारलं, "कोणत्या तारखेला?"

"तारीख अशी नाही हो. जमेल तेव्हा."

"जमेल तेव्हा नावाची तारीख नसते."

आणि मग मला एक प्रवचन ऐकावं लागलं. मराठी माणसाचे तीन शब्द त्यांना सहन होत नसत: बघू, जमवू आणि कधीतरी. नऊ वर्षांपूर्वी पुण्याला आले तेव्हा चौदा जणांनी त्यांना म्हटलं होतं, ये ना एकदा घरी. हे रस्त्यात, लग्नाच्या पंगतीत, रिक्षा थांबवून डायरी काढायचे आणि विचारायचे, कधी? किती वाजता? किती वाजेपर्यंत? चौदांपैकी दोघांनी वेळ दिली. त्यातल्या एकाकडे हे ठरल्या मिनिटाला गेले तर दाराला कुलूप, मंडळी लोणावळ्याला. "आता मला सांग," ते म्हणाले, "विक्षिप्त कोण?"

काकूंचं म्हणणं मात्र असं की त्या दौऱ्यात त्याने सख्ख्या बहिणीलाही वेळ ठरवून दिली होती. जेवायला साडेबारा ते दोन. दोनला उठला, पानातला भात तसाच. "मी वाढतच होते," काकू अजून सांगतात, "आणि हा चपला घालून उभा."

युरोपात मी पहिल्यांदाच आलेले. मनात कायकाय होतं, मोठमोठी चर्चेस, कॉफीहाउसं, दगडी गल्ल्या. ऑफिसात सोमवारी सगळ्यांनी थंड पाव आणि चीज खाल्लं आणि पाऊण तासात परत कामाला लागले. मंगळवारी दुपारी मी लवकर सुटणार होते, तेव्हा मामा म्हणाले, गाव दाखवतो, तीन ते पाच. मी फोन चार्ज करून, लिपस्टिक लावून गेले. या माणसाने मला आर्नहेम बसमधून दाखवलं.

पण ती बस साधी नव्हती. तिच्या टपावर दोन लांब दांडे, ते वरच्या विजेच्या तारांना टेकलेले, त्यावर ती चालते. मामांचं सगळं आयुष्य या तारांना वीज पुरवण्यात गेलेलं. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. ऱ्हाइन नदीवरचा प्रसिद्ध पूल आला, मी फोन काढला, तर म्हणाले, "इथे लढाई झाली, ते तुला कुणीही सांगेल. डावीकडे बघ." डावीकडे एक करडी पत्र्याची पेटी. "हा ट्रान्सफॉर्मर. एकोणीस वर्षं एकदाही बंद पडला नाही." मी ट्रान्सफॉर्मरचा फोटो काढला. करते काय. पुढे एका वळणावर आमच्याच बसचा दांडा तारेवरून सुटला, बस थांबली, ड्रायव्हर बाई खाली उतरून तो परत बसवायला लागल्या. मामांनी घड्याळ लावलं. "चार मिनिटं," बस सुटल्यावर म्हणाले. "पूर्वी दोन लागायची." त्या दिवशी त्यांना एवढं एकच वाईट वाटलेलं दिसलं.

बसमधून उतरून त्यांच्या घरापर्यंत जेमतेम पाच मिनिटांची वाट, आम्हाला अर्धा तास लागला. दर बाकावर ते बसत. "निरीक्षण करतो," म्हणायचे, आणि डोळे मिटायचे. डोळे मिटून कसलं निरीक्षण, असं मी विचारलं तर हसले. अंगाने अगदी काटकुळे, शर्ट लोंबत होता. इथले लोक सायकली चालवून चालवून असेच होत असतील, असं मी धरून चालले. मी माणसं ओळखण्यात हुशार समजते स्वतःला. ऑफिसात माझं कामच आहे ते, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं.

घरी आल्यावर मी म्हटलं, गुरुवारी संध्याकाळी माझं विमान, दुपारी निघायच्या आधी निरोप घ्यायला येते. डायरी उघडली गेली. हिला ते आखेंडा म्हणायचे, इथला शब्द. सगळी पानं अर्ध्या अर्ध्या तासांनी गच्च भरलेली, बारीक अक्षरात.

"गुरुवारी अकराला डॉक्टर येणार आहेत," ते म्हणाले.

"घरी?"

"घरी."

मला कौतुकच वाटलं. ऑफिसातला माझा नाशिककर सहकारी दोन दिवस एकच रडगाणं गात होता की इथला फॅमिली डॉक्टर कुणाच्या घरी जात नाही, ताप आला तरी फोनवर पॅरासिटॅमॉल सांगतो आणि ठेवतो. मी म्हटलं, "नशीबवान आहात. मग साडेबाराला येऊ? त्यांचं आटपलेलं असेल."

"साडेबाराला मला जमणार नाही."

"एकला?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी डायरीत वाकून बघितलं. गुरुवारनंतरची पानं कोरी. शुक्रवार, शनिवार, पुढचा आठवडा, त्याच्या पुढचा, एक अक्षर नाही. या माणसाची डायरी कोरी. मला संधीच मिळाली. म्हटलं, "पुढे तर सगळं मोकळंच आहे की. तिकीट काढा आणि या पुण्याला. काकूंना किती आनंद होईल."

ते डायरी मिटत म्हणाले, "बघू."

हाच तो शब्द, ज्यासाठी रविवारी मला अर्धा तास झापलं होतं. मी मनात म्हटलं, जिंकले. माणूस विरघळला. निघताना त्यांनी मला बुधवारी तीन ते पाचला बोलावलं, थोडे लोक येणार आहेत म्हणाले.

त्या संध्याकाळी हॉटेलवरून मी काकूंना व्हिडिओ फोन लावला आणि सगळं रंगवून सांगितलं. मामा ठणठणीत आहेत, तासन्‌तास गाव फिरवलं, डॉक्टर घरी येतात तपासायला, आणि येण्याबद्दल नाही म्हणालेले नाहीत, बघू म्हणालेत. "बघू म्हणाला?" काकूंनी दोनदा विचारलं. "तो? बघू?" मग फोन तसाच धरून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि देवापुढे साखर ठेवली. मला ते फोनवर दिसलं. आता आठवलं तरी जीभ छाटून टाकावीशी वाटते.

बुधवारी ऑफिसात नाशिककराला विचारलं, घरी लोक बोलावलेत म्हणजे काय असेल? तो म्हणाला, वाढदिवस, दुसरं काय. सगळे गोलात खुर्च्या टाकून बसतील, केकचा एक तुकडा मिळेल, आणि इथली पद्धत अशी की ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, तर जमलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. तुमच्या मित्राबद्दल अभिनंदन, तुमच्या शेजाऱ्याबद्दल अभिनंदन. त्याने माझ्याकडून तो डच शब्द दहा वेळा घोकून घेतला. मी सुपरमार्केटमधून फुलं घेतली, बॅगेतला पिवळा कुर्ता घातला, कानात झुमके घातले आणि बरोबर तीनला बेल वाजवली. दार लगेच उघडलं.

खुर्च्या गोलातच होत्या. नऊ माणसं, सगळी साठीच्या पुढची, हातात कप आणि केकचा एकेक तुकडा. मामा पांढऱ्या शर्टात मधल्या आरामखुर्चीत. मी दारापासून सुरुवात केली. हात पुढे, हसून, घोकलेला शब्द, स्पष्ट उच्चारात. पहिले आजोबा गडबडले, मग मान हलवली. दुसऱ्या बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुढे. तिसरे, चौथे, अभिनंदन, अभिनंदन. मामा मोठ्याने हसले, डचमध्ये काहीतरी बोलले, सगळेच हसले, आणि हसता हसता एका बाईंनी डोळे पुसले. मला वाटलं, उच्चार चुकला असेल.

पाचव्या खुर्चीत त्यांची शेजारीण होती, उंच, पांढरे आखूड केस. तिने माझा हात धरला तो सोडेचना. उठली आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लावून इंग्रजीत म्हणाली, "त्याने तुला सांगितलं नाही?"

"काय?"

"आज आम्ही निरोप घ्यायला आलोय. उद्या अकरा वाजता डॉक्टर येणार आहेत. त्याचं आयुष्य संपवायला. त्याच्याच इच्छेने."

वाक्य कळलं, अर्थ डोक्यात शिरेना. तिने परत सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. हाडांचा कॅन्सर, वर्ष झालं, औषधं संपली. इथल्या कायद्यात हे बसतं. एक नाही, दोन डॉक्टरांनी येऊन परत परत विचारलं, त्याने प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. तारीख त्यानेच निवडली. स्टिकर लावलेल्या वस्तू कुणाकुणाकडे जाणार त्याची यादी फ्रिजवर आहे. मी वळून पाहिलं. खरंच होती, चुंबकाने लावलेली, लाल, पिवळा, निळा.

इच्छामरण हा शब्द मी फक्त वर्तमानपत्रात वाचलेला, अग्रलेखात वगैरे. पलीकडच्या खोलीत एक माणूस कॉफी पितोय आणि उद्या अकराला तो नसणार आहे, हे त्या शब्दात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी फरशीवरच बसले, पिवळा कुर्ता, झुमके, हातात फुलं. याच माणसाला मी काल विचारलं होतं, एकला येऊ का. नऊपैकी चौघांचं अभिनंदन करून झालं होतं. लाजेने मेल्यासारखं झालं, आणि मग एकदम आठवलं, काकू. देवापुढची साखर.

मी उठले आणि बाहेर गेले. राग आला की मला समोर कोण आहे ते दिसत नाही. त्या नऊ माणसांच्या गोलाच्या मधोमध उभी राहून मी मराठीत विचारलं, "काकूंना माहीत आहे?"

"नाही," मामा म्हणाले. "शुक्रवारी कळेल. दोन पानी पत्र लिहून ठेवलंय. शेजारीण फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेल."

"व्हॉट्सअ‍ॅपवर?"

"पोस्टाला बारा दिवस लागतात."

"मी काल त्यांना सांगितलं तुम्ही ठणठणीत आहात. तुम्ही येणार म्हणून त्यांनी देवापुढे साखर ठेवली. मला खोटं पाडलंत तुम्ही. परत गेल्यावर मी त्यांच्या दारावरून वर कशी जाऊ?"

"तुझी चूक नाही त्यात. मी पत्रात तसं लिहितो."

"पत्राचं काय घेऊन बसलात?" माझा आवाज चढला होता, आणि नऊ डच माणसं कप हातात धरून एकही शब्द न कळता आमच्याकडे बघत होती. "मला दारात भिजत उभं केलंत ते वेळेसाठी. या नऊ जणांना वेळ दिलीत. मला दिलीत, मी तुमची कोण लागते? त्या ड्रायव्हर बाईला चार मिनिटं दिलीत. सख्ख्या बहिणीसाठी दहा मिनिटं नाहीत तुमच्या त्या डायरीत?"

त्यांनी कप खाली ठेवला. तो ठेवायलाही त्यांना दोन्ही हात लागले, हे मला चार दिवसांत पहिल्यांदा दिसलं.

"ती थांब म्हणेल," ते म्हणाले.

"म्हणू दे."

"तुला कळत नाहीये. तिने म्हटलं तर मी थांबेन. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तिनेच मला न्हाऊमाखू घातलंय. तिचा शब्द मला कधी मोडता आला नाही, म्हणून तर इतका लांब आलो. आणि आता मला थांबता येत नाही ग. फार दुखतं."

मला रडू फुटलं. ते करत होते ते बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ते ठरवणारी मी कोण? त्यांना अडवायचं माझ्या मनातही नव्हतं. पण काकूंनी फक्त डोळ्यांना दिसू दे म्हटलं होतं, आणि तेवढंही मला घेऊन जाता येणार नव्हतं. मी रडत रडतच तसं म्हणाले. "त्यांना थांब म्हणायचा हक्क आहे मामा. तुम्ही ऐका किंवा नका ऐकू."

मग मामांनी शेजारणीकडे हात केला, तिने डायरी आणून दिली. बुधवारचं पान. तीन ते पाच, मंडळी. सव्वापाच, वकील. मधली पंधरा मिनिटं मोकळी होती. त्यांनी पेन उघडलं आणि त्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: ताई. एकदा तिथे लिहिलं की ते होणारच, हे एव्हाना मलाही कळलं होतं.

पाचला सगळे उठले. एकेकाने त्यांना मिठी मारली, कुणी लांबवलं नाही. माझ्या पिवळ्या कुर्त्याच्या खांद्यावर त्या दुसऱ्या खुर्चीतल्या बाईंनी हात ठेवला आणि गेल्या. मीही पर्स उचलली, तर मामा म्हणाले, "बस. फोन तुझ्यावरूनच करायचा आहे."

पुण्यात साडेआठ वाजले होते, काकूंच्या मालिकेची वेळ. पहिल्यांदा त्यांनी उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला, आणि नेहमीप्रमाणे पडद्यावर नुसतं कपाळ.

"कोण ग? अरे, तू? आज काय पहिला रविवार आहे का?"

"ताई, टीव्ही बंद कर."

"का रे? संपतच आलंय."

"बंद कर, मग सांगतो."

पडद्यावर छताचा पंखा दिसायला लागला. मालिकेचा आवाज थांबला. काकू परत आल्या, या वेळी चष्मा लावून, फोन लांब धरून, पूर्ण चेहरा. मामांनी चार वाक्यांत सांगितलं. कॅन्सर आहे. वर्ष झालं. इथे परवानगी मागता येते, मी मागितली, मिळाली. उद्या सकाळी अकराला डॉक्टर येतील, त्यानंतर मी नसेन.

काकूंचा चेहरा तसाच राहिला. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"ऐकू आलं का?" मामांनी विचारलं.

"आलं." मग फोन जवळ घेऊन, "फार दुखतं का रे?"

"हो."

"झोप लागते?"

"नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू थांब म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. भावाकडे बघत राहिल्या. लोंबणारा शर्ट, गळ्याची हाडं, सगळं बघितलं. "आता नाही म्हणत."

मामांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. फोन मी धरला होता, म्हणून मला तिथून उठताही येईना.

"जवळ कोण असेल?"

"शेजारीण आहे."

"तिला म्हणावं, हात धरून बस."

"सांगतो."

"अकरा म्हणजे आपले किती?"

"अडीच."

"मग मी उद्या दुपारची आडवी होणार नाही. तुझ्यापाशी बसल्यासारखी बसते."

मामांनी डोळे पुसले. "ताई, तुझ्याकडचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं."

"असू दे," काकू म्हणाल्या. "पाच मिनिटं आधीपासून बसेन."